इंजिनाच्या नंबरावर चढलेल्या रंगाबाबत

नाव: ठाण्यात वेगळं लिहून दिलं आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. सगळे भिंगरी म्हणतात. वय: बावीस. शिक्षण: आठवीपर्यंत, तेही तीन शाळांत मिळून. धंदा: गॅरेजमध्ये रंगकाम. त्याआधी ट्रकवर क्लीनर, मग लाकडाचं पॉलिश, मग तंबू ठोकायचं काम. ते इथे नको असं हवालदारसाहेब म्हणतात. राहणार: गॅरेजचाच पोटमाळा.

मी आपल्या पायाने ठाण्यात आलो आहे. कुणी शिकवून पाठवलेलं नाही. विचारलं त्यावर सांगतो की,

ज्या गाडीवरून आमच्या गॅरेजच्या मालकांना, म्हणजे मिस्त्रींना, इथे बसवून ठेवलं आहे, ती शिकवणीवाल्या बाईंची. मूळ त्यांच्या भावाची. भाऊ वारले, म्हणून गाडी नावावर करून घ्यायची होती. त्याआधी इंजिन उघडून दुरुस्त केलं आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, रंगवायचा ठरला.

रंग कोणता, यावर बरीच चर्चा झाली. बाईंना चंदेरी हवा होता. मिस्त्री म्हणाले, "बाई, तो सायलेन्सरचा. आगीत टिकेल, पण तेल सांडलं की डाग धरेल. ब्लॉक काही लाल होईपर्यंत तापत नाही. त्याला तेल, पेट्रोल सोसणारा रंग पाहिजे." मी म्हणालो, साधा ऑइलपेंट मारू, भिंतीवर वर्षानुवर्षं टिकतो. मिस्त्री म्हणाले, "भिंत कधी रस्त्यावर पळालेली बघितलीस का?" बाई हसल्या. शेवटी हार्डनर मिसळायचा इंजिनाचा राखाडी रंग आणला. मिस्त्री म्हणाले, हा घरजावयासारखा, एकदा बसला की उठायचं नाव नाही.

रंगाआधी ब्लॉक धुवायचा, गंज घासायचा, थिनरने पुसायचा. आणि इंजिनावर जो नंबर ठोकलेला असतो, त्यावर ग्रीस लावून पट्टी चिकटवायची. ही गॅरेजची पद्धत आहे. मिस्त्री दर वेळी सांगतात, त्या दिवशीही सांगितलं. मी हो म्हणालो.

धुणं, घासणं नीट केलं. पट्टी कापत होतो तेवढ्यात समोरच्या नाल्यात गेलेली बस काढायला क्रेन आली. मी बघायला गेलो. क्रेनचा पट्टा एकदा निसटला, मग ड्रायव्हर आणि क्रेनवाला यांचं असं जुंपलं की... हे नको असेल तर नका लिहू. परत आलो तेव्हा उशीर झाला होता. सरळ रंग मारायला घेतला. पट्टी मारायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर नंबर रंगाखाली बुजलेला. थिनर चोळला, ब्लेडने खरवडला. निघेना. मिस्त्री यायचे होते. मी ग्राइंडर लावला. वाटलं, वरचा थर तेवढा जाईल. रंगाबरोबर आकडेही गेले. शेवटचा एक अर्धा राहिला. त्यावर मी पुन्हा रंग मारला.

मिस्त्रींनी आल्यावर विचारलं, "नंबर झाकला होतास ना?" मी हो म्हणालो. "मग झालं तर," म्हणाले आणि इंजिन गाडीत बसवायला घेतलं. त्यांनी वाकून बघितलं नाही.

गाडी नावावर करताना आरटीओच्या तपासणीत नंबर घासलेला सापडला. गाडी जप्त झाली. चोरीचं इंजिन बसवलं असा संशय मिस्त्रींवर आला. त्या दिवशी मलाही इथे विचारलं होतं. मिस्त्री शेजारी उभे होते. मी म्हणालो, "मी फक्त रंग मारतो, बाकी मला माहीत नाही." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "पोराला जाऊ द्या, त्याचा काय संबंध."

मी गेलो.

तेव्हापासून गॅरेज बंद आहे. काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, ठाण्यात त्यांना डबा देऊन येताना माझाही डबा गॅरेजवर ठेवतात. काल म्हणाल्या, "तू वाळलास रे. ह्यांची काळजी करू नकोस, खरं काय ते बाहेर येईलच." आणि वाढायला घेतलं. मी जेवलो. पुन्हा वाढलं, तेही जेवलो.

आज सकाळी पिशवी भरून स्टँडवर गेलो होतो. यापूर्वीही मी गावं अशीच सोडली आहेत. बस लागली होती. मी चढलो नाही. तिथून इकडे आलो.

इंजिन मूळ गाडीचंच आहे. घासलेला नंबर औषध लावून पुन्हा वाचता येतो असं मिस्त्री एकदा सांगत होते, तरी तसा तपास व्हावा. ग्राइंडर मी चालवला. मिस्त्रींना, काकूंना किंवा बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं तसं हवालदारसाहेबांनी लिहून घेतलं. हळू वाचा, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, जबाब सगळ्यांना ऐकू जाईल असाच वाचतात. त्याप्रमाणे मोठ्याने वाचला गेला. मिस्त्री समोरच्या बाकावर बसून ऐकत होते. मी भिंतीकडे बघून ऐकला. काही बदलायचं आहे का, असं मला विचारण्यात आलं. जबाबात बदलण्यासारखं काही नाही. लिहिलं आहे तसंच घडलं.