दोन आखूड, एक लांब

काय सांगू तुम्हाला, अजून माझ्या अंगावर काटा येतो, हा बघा हात, बघा. आधीपासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल बाई कुठून कुठे गेली. आम्ही मूळचे परभणीकडचे. मी लहान असताना बाबांनी आम्हाला मुंबईत आणलं, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पेटी आईच्या डोक्यावर देऊन आम्हा भावंडांना चालवत चालवत पार पुढे इंजिनापाशी नेलं, म्हणाले हात जोडा, ह्यानं आणलं आपल्याला. आई वैतागली, लेकरं भुकेली आहेत आणि ह्यांना इंजिन सुचतंय. पण इंजिनाची ती गरम हवा तोंडावर आली ना, तिथंच मी खुळी झाले, ती आजपर्यंत.

घाटकोपरला विहारामागच्या चाळीत वाढले, लग्न होऊन मुलुंडला आले, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. पहिल्या बोनसमध्ये बायका बांगड्या करतात, मी जुना कॅमेरा घेतला. सासू म्हणाली नातवाचे फोटो काढ, म्हटलं काढते की, आणि रीळ धुऊन आलं तर एक नातू आणि बाकी सगळी इंजिनं! मिस्टर अजून म्हणतात, जेवायला वाढतेस की इंजिनाला विचारून येऊ? एकदा एका हवालदाराने धरलं, हेर आहेस काय म्हणाला, रीळ खेचून उन्हात धरलं, वाट लागली सगळ्याची. रडले नाही मी, शिव्या दिल्या, मनातल्या मनात.

तर पहिली पाळी सुटली की मी रुळांवरच्या पुलावरून घरी यायची. त्याच सुमाराला एक मेल मुंबईकडे जायची. रोज फोटो कुठे परवडणार, रीळ महाग, पण कॅमेरा रोज डोळ्याला लावायची. आणि काही काही दिवशी ती मेल पुलाच्या अलीकडे शिटी द्यायची, दोन आखूड, एक लांब. बाकीचे ड्रायव्हर मुकाट जायचे, हा एकटाच. आधी वाटलं योगायोग असेल. मग कळलं, अगं बाई, हा मला देतोय! कंपनीत कोण विचारत होतं हो मला, सुपरवायझर नावाने हाक मारत नव्हता, ए पॅकिंग म्हणायचा, आणि इथे एवढी मोठी मेल मला सलाम ठोकून जातेय. वर्षानुवर्षं. मैत्रिणी चिडवायच्या, आला का गं तुझा ड्रायव्हर? मी हात नाही केला कधी, एक तर लोक काय म्हणतील, आणि दुसरं म्हणजे फोटो हालतो. हाललेला फोटो मला चालत नाही.

यंदा आमच्या रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, त्या मेलचा, मुलुंडला शिटी देणारा ड्रायव्हर रिटायर होतोय. शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घालतात, घरचे येतात, पेढे वाटतात. मी त्याच्या गाडीचे इतक्या वर्षांचे निवडक फोटो अल्बमात लावले, ठेवणीतली साडी नेसले आणि शेवटच्या स्टेशनात जाऊन उभी राहिले. साहेब खाली उतरले, गळ्यात हार. मी अल्बम पुढे केला, म्हटलं साहेब, मी पुलावरची. ते म्हणाले, कुठल्या पुलावरची? ओरडूनच बोलतात ते, इंजिनात जन्म गेलेला. म्हटलं मुलुंडच्या, तुम्ही मला शिटी देता ना, ती. ते म्हणाले, ताई, शिटी तर मी आमच्या हिला देतो, पुलाच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये आमचं घर, ही खिडकीत येऊन हात करते आणि माझ्या जेवणाचं बघते.

सगळे हसले. वाईट नाही हसले, असंच. पण धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी वर्षं मी कुणाचा सलाम घेत होते? अल्बम त्यांच्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. त्यांची बायको. म्हणाली, अहो थांबा, तोंडावरून नाही ओळखलं, वळलात तेव्हा कळलं. मला नळापाशी ओढत नेलं, म्हणाली ही वेणी काळी होती तेव्हापासून बघते मी, पांढरी झालेली पण बघितली. मला लांबचं ऐकू येत नाही, धाकट्याच्या वेळच्या तापात गेलं. ह्यांचं ओरडणं तेवढं कळतं. म्हटलं, मग शिटी? ती माझ्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, कुठली शिटी, ह्यांची पाळी असली की मी तुमची पाठ बघते. तुम्ही कॅमेरा उचललात की गाडी आली, की मी हात करते. मध्ये तुम्ही महिनाभर नव्हता, मी दुपारभर खिडकीत हात हलवत उभी असायची, येईल त्या गाडीला. म्हटलं, अगं बाई, ऑपरेशन होतं माझं! ती म्हणाली, मला वाटलं गेलात की काय, दोन दिवस घास उतरला नाही. ह्यांना सांगू नका हं. एवढी वर्षं शिटी वाजवली माणसाने, काय वाटेल त्याला.

घरी आले तर मिस्टर म्हणाले, काय झालं, इंजिन वारलं काय?

चार दिवस पुलावर गेलेच नाही. मग राहवेना, गेले. सवयीने कॅमेरा लावला, मेल आली, मुकाट गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं. गाडी समोरून येते ना, मागे बघायचं कधी सुचलंच नव्हतं मला, काय म्हणावं? खिडकीत दोघंही उभी. साहेब ओरडत होते, पुलापर्यंत ऐकू आलं, बघ, ह्या नव्याने शिटी दिली नाही! आणि ती मान डोलावत होती, जशी काही तिला आधी ऐकू यायचीच, आणि हात मात्र माझ्याकडे बघून करत होती.

अजून जाते मी. रोज. गाडी आली की मी पण हात करते आता, एका हाताने कॅमेरा आणि दुसरा वर. सुखी राहू देत दोघं. फोटो हालतो. हालू दे.