समोरच्या फ्लॅटची चौकशी

...अहो, बसा हो, त्या खुर्चीचा पाय मीच बसवलाय, मोडणार नाही — आणि हिंदी कशाला? बॅजवर हेमांगी लिहिलंय की! मयूर विहारमध्ये मराठी माणसानं मराठी माणसाला ‘जी, बताइए’ म्हणायचं म्हणजे कमाल झाली. तर नोएडाच्या कंपनीनं समोरच्या सुजयला घेतलंय, आणि माणूस कसा आहे ते शेजारी म्हणून मी सांगायचं, असंच ना? बिल्कुल सांगतो. लिहा — नरसिंह देवस्थळी, वय बावन्न, ओळख नऊ वर्षांची. ऑफिसही एकच होतं आमचं. ते बंद पडलं त्या दुपारी आम्ही दोघं एकाच मेट्रोनं घरी आलो.

स्वभाव? शांत. म्हणजे — तसा दिसतो. मागच्या होळीला पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरीची कॉलर धरली त्यानं! उचलला आणि नेऊन कारंज्यात बसवला. दोन बोटांनी! लिहिलंत? लिहा, लिहा, खरं ते खरं.

छे, मला कसला हेवा? गुडगावच्या एका कंपनीच्या मालकानं माझ्यासाठी चाळीस मिनिटं लिफ्ट अडवून धरली होती, आत माणसं ओरडतायत — असो. पण ह्या नोकरीची जाहिरात आम्ही दोघांनी एकाच दिवशी पाहिली, बरं का. म्हणजे त्यानंच दाखवली. सकाळी साडेसातला दारात, तोंडात ब्रश तसाच — ‘दादा, मी अर्ज पाठवला, तुम्हीही आत्ता पाठवा.’ ही काय पद्धत झाली? मी म्हटलं, यार, घाई कसली, काम नीट करावं माणसानं. नवा फोटो हवा. फोटोला टाय हवा. टाय मेहुण्याकडे, मेहुणा आर. के. पुरमला. अकराव्या दिवशी टाय बांधून बटण दाबलं, तर अर्ज घेणं बंद!

आणि पुढचं ऐका. चार महिने कंपनीचा फोन नाही, आणि हा गॅलरीत कुंड्यांमध्ये मेथी पेरतोय! मी रोज विचारायचो, ‘काय, गेली ना नोकरी?’ तर म्हणे, ‘कळवतील, दादा’ — आणि वर मेथीची जुडी माझ्याच हातात. चीड येणार नाही? मी दुसरीकडे मुलाखत दिली तेव्हा दिवसाला सात फोन करत होतो, चौथ्या दिवशी त्यांनी माझा नंबरच ब्लॉक केला — उत्साह म्हणतात ह्याला, दुसरं काय!

चहा घ्या ना. फॉर्मवरचा हा वरचा रकाना कसला? ‘उमेदवारानं सुचवलेला शेजारी’... माझं नाव? त्यानं स्वतः दिलं? अहो, खालच्या मजल्यावर सरदारजी आहेत, देवमाणूस, त्यांचं द्यायचं ना! माझंच दिलं?

बरं — ते कॉलरचं... त्यानं काही बिघडत नाही ना? बिघडतं? एवढ्यावरून नोकरी जाते? मग खोडा. अहो, खोडा ते! कॉलर मी धरली होती. उचललं वगैरे काही नाही, माझ्यानं भाजीची पिशवी उचलवत नाही. आणि कारंजं नाहीच आमच्याकडे, बघा हवं तर खिडकीतून. सुजयनंच मला मागं ओढलं, माझ्या वतीनं माफीसुद्धा त्यानंच मागितली.

खोडता येत नाही? पेननं लिहिलंय, हो... मग त्याच्याखाली लिहा — ‘माहिती देणारा शेजारी खोटं बोलला.’ थांबा, ‘बोलतो’ लिहा, नेहमीचंच आहे ते. पुढे लिहा, जळतो. हसू नका, लिहा! आणा इकडे, सही करतो. झालं. आता उठा, राहू द्या तो चहा. आजच्या आज पोचवा हे, कुणाच्या टेबलावर अकरा दिवस पडू देऊ नका. आणि जिन्यात तो भेटलाच तर म्हणावं, दादांनी — नको, काही म्हणू नका. निघा.