विंगेतली इस्त्री

एका घरात एक म्हातारी राहायची, म्हणजे मी, एक तिची नात, आणि एक नातीचा आवाज... आवाज वेगळा मोजायचा, कारण दोन खोल्यांतली एक त्यालाच लागायची. नात ऑपेरात गाते. ऑपेरा म्हणजे, तुम्हाला सांगते, नाटकच, पण पाणी मागायचं तरी गाऊन मागायचं, तेही माईकशिवाय, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तहान लागेल असं. पण रांगाच ओस पडायला लागल्या, त्याला काय करणार? मॅनेजर म्हणाले, एका लोकप्रिय गायकाबरोबर युगुलगीत ठेवू, चाललं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑपेरा बंद. म्हणजे नात घरी. मी काही बोलले नाही.

आला तो. केस असे की आत्ताच उशीवरून डोकं उचललंय. माईक ओठाला लावून त्याच्याकडे कुणाची तरी चहाडी करावी तसा गायचा. मी नाव ठेवलं कुजबुज्या. तालमीत हिने तोंड उघडलं की याचा आवाज गायब, मग हा आवाजवाल्याला खूण करणार, वाढव, त्याने वाढवला की ही आणखी चढवणार... खिडक्यांची तावदानं थरथरायची हो.

"ताई, जरा हळू घ्या ना," तो म्हणाला.

"हळू गायला मी बारा वर्षं घसा झिजवला नाही."

कुजबुज्या माझ्याकडे बघतोय, आजी, सांगा ना हिला. मी काही बोलले नाही. माझं काम कपडेपटातलं, तोंडात टाचण्या.

प्रयोगाचा दिवस उजाडला. गाणं सुरू झालं आणि इकडे विंगेत बघते तर शेवटच्या प्रवेशाचा हिचा झगा चुरगळून बोळा झालेला. इस्त्री लावायची कुठे? भिंतीला एकच जागा, तिथे आधीच कसली तरी पिन. वर चिठ्ठी चिकटवलेली. आता मला वाचता कुठे येतं? मला वाटलं, लिहिलं असेल, इस्त्री इथे लावा. काढली ती पिन, लावली माझी.

आवाजवाल्याच्या पेटीवरचे सगळे दिवे गेले. रंगमंचावर कुजबुज्याचे ओठ हलतायत, ऐकू काहीच नाही, चेहरा बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा. नातीने बघितलं. एक सूर जोरात लावला असता तर हा कायमचा पुसला गेला असता. पण ती जवळ गेली, त्याचं मनगट धरलं, आणि आवाज खाली आणला, इतका खाली की मी जन्मात ऐकला नव्हता. मग त्याचा खरा आवाज निघाला, बारीक, जरा चिरका, पण स्वतःचा. लोक खुर्चीत पुढे सरकले. खोकणारे खोकायचे थांबले. शेवटच्या ओळीला मात्र तिने आवाज मोकळा सोडला... टाळ्या थांबेनात.

मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटले, माईक बंद करायची कल्पना माझीच. आवाजवाला छताकडे बघत होता. मी काही बोलले नाही, झग्याची घडी घातली.

ऑपेरा चालू राहिला, रांगा भरल्या, नात नोकरीत कायम झाली. कुजबुज्या तर नातजावई झाला आणि इथेच राहायला आला, माईकशिवाय गायला शिकतोय. पहाटेपासून एका खोलीत ती, दुसऱ्या खोलीत तो. मी काही बोलत नाही. बोलले तरी ऐकू कुणाला जाणार?