चालू मशीनला हात

—नाही, थांब, सायकल कुठे पळून जात नाही, तळघरात आहे, जाताना काढू. आधी हे बघ. त्या खुर्चीवर नको उत्कर्ष, तिचं एक चाक निघतं — हां, पलंगावर बस. उर्जाने काय काय आणायला सांगितलंय? सायकल, हिवाळ्याचे बूट आणि पुस्तकांचे दोन खोके, गेनाऊ, बरोबर? आणि कॉम्प्युटर नको म्हणाली. म्हणाली ना? स्पष्टच म्हणाली असणार, आमच्या लेकीचं सगळं स्पष्ट असतं — मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, आणि रागावली असली की नुसतं ‘नाइन’, म्हणजे नाही. पण तू तिच्या विद्यापीठातून, येनाहून, एवढी व्हॅन घेऊन आलायस, तिच्या आतेभावाने केलं नसतं ते तू मित्र असून करतोयस, तर हाही घेऊन जा. म्हणावं, बाबांनी जबरदस्तीने चढवला. शुभाकाकू लाइपझिगला हळदीकुंकवाला गेलीये, तुझ्यासाठी चिवडा ठेवलाय, तो खा, तोवर मी हा चालू करून दाखवतो. पाच मिनिटं. घाई नाही ना? असली तरी आता वर आलायस, बस.

तर हा विकतचा नाही. एकेक तुकडा आणून मी जोडलाय, ह्याच टेबलावर. आणि ह्याच्यावर चालते मॅकची सिस्टीम — हो, मॅकची, ह्या साध्या काळ्या पेटीवर. कंपनीला हे मान्य नाही, अजिबात नाही, त्यांची सिस्टीम त्यांच्याच मशीनवर चालायला हवी. पण सुरू होताना ती विचारते, बाबा रे, तू कोण? आणि मध्ये माझी एक छोटीशी फाइल बसलीये, ती सांगते, मी अस्सल मॅक. खोटंच सांगते, पण इतक्या ठामपणे सांगते की सिस्टीमचा विश्वास बसतो. हसतोस काय! त्या फाइलमधलं एक अक्षर चुकलं ना, की काळा पडदा आणि पांढऱ्या ओळी, वाचत बसा. उर्जा सोळाची होती, तिला फिल्म एडिट करायच्या होत्या, आणि तिचा तो प्रोग्रॅम चालतो फक्त मॅकवर. शुभा म्हणाली, अहो, विकत आणून टाका ना एक. मी म्हटलं, विकत आणून झाकण उघडायचं ह्यात काय शिकणार पोरगी? आपण करू. आठ महिने केलं! आधी ग्राफिक्स कार्ड चालेना, मग आवाज एकाच कानात, मग सगळं जमलं तर पठ्ठ्या झोपला की उठेना — स्लीपमध्ये गेला की पंखे फिरतायत, दिवा लागलाय, आणि स्क्रीन काळा तो काळाच. दीड वर्ष त्या झोपेच्या मागे होतो मी. एक दिवसही मी ह्याला स्वस्थ बसू दिला नाही. शुभा म्हणायची, मुलीला काम करू द्या, तुमचं तपासणं बास झालं.

आता गंमत अशी की फॅबमध्ये मी बरोबर उलटा आहे. चिपच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली मला — तिथे एक स्क्रू फिरवायचा असेल तर फॉर्म, फॉर्मवर तीन सह्या, आणि जुन्या स्थितीत परत कसं यायचं ते आधी लिहून द्यायचं. चालू मशीनला हात लावायचा नाही. नवीन पोरं येतात त्यांना पहिल्या दिवशी हे शिकवतो कोण? मी! आणि घरी आलो की हात शिवशिवतात. घरी सही कोण मागणार? — हे बघ, दाबलं बटण. पंख्याचा आवाज ऐक, नाहीच ना? आज रविवार आहे, रविवारी खालच्या काकू खिळा ठोकला तरी तक्रार घेऊन वर येतात, पण ह्याचा आवाज नाही म्हणजे नाही. आता बघ, ओळी... ओळी... आल्या. आता झोपवतो. झोपला. आता मोजायचं दहापर्यंत — आणि एक बोट. उठला! बघितलंस? एका बोटाने उठला. आता उर्जाला सांग, म्हणावं, उठतो तो आता, बाबांनी...

हां. ते... ते तसंच राहिलं उघडं. थांब, बंद करतो.

फ्राउ क्रेचमर. त्यांचाच चेहरा आहे तो. आमच्या श्रेबरगार्टनमधला, त्या भाड्याच्या बागांमधला, पलीकडचा तुकडा त्यांचा, चौऱ्याऐंशीच्या होत्या, उर्जाला लहानपणापासून गूजबेरी खायला घालायच्या. तरुणपणी कॅमेऱ्याच्या कारखान्यात होत्या, शटर जोडायच्या, आणि अजून त्यांना ते हाताने हवेत करून दाखवता यायचं — हा स्प्रिंग असा, ही पट्टी अशी. त्यावरच उर्जाने फिल्म केली, पावणेदोन वर्षं. फिल्मच्या शाळेत अर्जाबरोबर पाठवायची होती. तुला सांगितलं असेल तिने. आणि डिस्क गेली तेही सांगितलं असेल.

नाही, ही नवीन डिस्क आहे. आल्झो... म्हणजे, नवीन नाही. तू फार प्रश्न विचारतोस रे, पीएचडीवाले सगळे असेच. चिवडा घे.

बरं, ऐक. मेमधली गोष्ट. अर्जाची मुदत रविवारी संध्याकाळी सहा. सकाळी उर्जा बागेत गेली, फ्राउ क्रेचमरना फिल्ममधले छापलेले फोटो दाखवायला, त्यांचं हो घ्यायला — म्हणाली, बाबा, दुपारी येऊन अपलोड करते, हात लावू नकोस. असंच म्हणाली, फास निष्ट आन. आणि मी इथे आलो नुसता बघायला. कोपऱ्यात लाल एकचा आकडा होता, अपडेट आलंय म्हणून. मला तो आकडा बघवेना. वाटलं, तेवढं करून ठेवू, अपलोड जरा झटपट होईल. दाबलं. वीस मिनिटांत काळा पडदा. बॅकअप? होता ना बॅकअप, बाहेरची डिस्क होती — ती मीच आठवड्यापूर्वी काढून पुसून ठेवली होती, तिच्यामुळे हा झोपेतून उठत नाही अशी माझी खात्री झाली होती! एक वाजला, दोन वाजले, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला ही डिस्क वाचता येत नाही, मॅकच हवा. आणि मॅक होता, उत्कर्ष. ह्याच इमारतीत होता. तिसऱ्या मजल्यावर हेर नॉयबर्टकडे, अस्सल. डिस्क काढायची, एक मजला खाली जायचं, बेल वाजवायची, दहा मिनिटांचं काम. पण त्याच हेर नॉयबर्टना मी इमारतीच्या उन्हाळी पार्टीत, सगळ्यांसमोर, बिअरचा ग्लास हातात धरून म्हटलं होतं की तुम्ही तिप्पट मोजून जे आणलंत ते मी घरी जोडलंय. लोक हसले होते. ते पण हसले होते, सभ्य माणूस. आता त्यांच्या दारात डिस्क घेऊन कसा उभा राहू? डिस्क काढली होती मी. हातात होती. दाराची कडी काढली, जिन्याचा दिवा लागला, तो आपोआप विझेपर्यंत उभा होतो, आणि परत आत आलो. म्हटलं, होईल, मी करीन.

तीनला ती आली. मग सहापर्यंत ती ह्या पलंगावर, तू बसलायस तिथेच, आणि मी टेबलाखाली. सहा वाजून पाच मिनिटांनी विचारलं तिने, बाबा, वास इस्ट डेन लोस, झालंय तरी काय? आणि मी म्हटलं, डिस्क गेली. असं कसं आलं तोंडात माहीत नाही. डिस्क गेली म्हटलं की कोणाची चूक नसते ना, जातात डिस्का. तिने मला मिठी मारली, अरे. म्हणाली, तू किती केलंस. मराठीत म्हणाली.

मंगळवारी हा चालू झाला. त्या छोट्या फाइलमधली एक ओळ होती, एक ओळ, ती बदलली, आणि सगळं जसंच्या तसं. फिल्म, आवाज, फ्राउ क्रेचमरचे हात. बसून पूर्ण बघितली मी, एकट्याने. चांगली आहे रे. मला वाटलं नव्हतं इतकी चांगली असेल. आणि मग सांगायचं काय? मुदत गेलेली. पुढच्या वर्षी पाठव म्हणायचं, तर दोन दिवस मी काय लपवलं ते सांगावं लागणार. म्हटलं, उद्या सांगू. तेवढ्यात येनाचं निघालं, ऑप्टिक्स शिकायचं, ते मीच सुचवलं होतं आधीपासून, चांगली लाइन आहे, नोकरी आहे — ती म्हणाली, ठीक आहे, आता दुसरं काय. आणि मला बरं वाटलं. हे मी शुभाला पण सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. मुद्दाम नाही केलं मी, अपडेट मुद्दाम नाही दाबलं, शपथ. पण जिन्यातून परत आलो ते... मला नाही माहीत. आठ महिने तेच डोक्यात फिरतंय आणि मला नाही माहीत.

नोव्हेंबरमध्ये फ्राउ क्रेचमर गेल्या. उर्जा आली होती तेव्हा, बर्फ पडत होतं, कबरीपाशी सगळे निघाले तरी ही तिथेच. मला म्हणाली, त्यांचा आवाज कुठेच उरला नाही, बाबा. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. छत्री धरून उभा राहिलो! तिचं सगळं इथे होतं, ह्या पेटीत, आणि मी छत्री धरून होतो. त्या दिवसापासून तिच्याशी बोलायची मला लाज वाटते, म्हणून मी फोनवर नुसतं कॉम्प्युटरचंच बोलतो — आता उठतो तो, आता आवाज दोन्ही कानांत येतो — आणि तिला वाटतं, ह्या माणसाला दुसरं काही नाहीच. म्हणून उचलत नाही ती फोन.

तर मी काय ठरवलंय ते ऐक. तू हा घेऊन जायचा. आणि सांगायचं की ड्रेस्डेनमध्ये एक दुकान मिळालं काकांना, गेलेल्या डिस्कवरचं परत काढून देतात, त्यांनी काढून दिलं. असतात अशी दुकानं. तिला आनंद होईल, फिल्म मिळेल, पुढच्या मेमध्ये अर्ज करील, सगळं जागेवर. तुला फक्त एवढंच सांगायचंय. एक वाक्य.

वाटी का खाली ठेवलीस? अरे, खा की. असं बघू नकोस माझ्याकडे. तू तिचा मित्र आहेस हे मला कळतं. तुला खोटं सांगायला लावतोय हेही कळतं, पण आता कोणाचं काय नुकसान आहे त्यात... उत्कर्ष? जॅकेट कशाला उचललंस?

बरं.

बरं, नको सांगूस. बस. उठू नकोस लगेच, बस.

लाव फोन. तुझ्यावरून लाव, माझा नंबर बघितला की ती उचलणार नाही. लाव तू. काही बोलू नकोस, वाजायला लागला की माझ्याकडे दे. वाजतोय? दे इकडे.

हॅलो... हो, मीच. बाबा. उत्कर्षच्या फोनवरून... नाही नाही, तो ठीक आहे, सायकल देतोय... नाही गं, कॉम्प्युटरचं नाही. कॉम्प्युटरचं काही नाही बोलायचं मला. एक मिनिट हं, ठेवू नकोस, ठेवू नकोस — उत्कर्ष, तू जरा स्वयंपाकघरात जाऊन बस. चहा गरम करून घे. आणि जाताना दार ओढून घे.