पाठीचं माप

बॅगांच्या दुकानात आजी पर्सची चेन दुरुस्त करायला रांगेत ताटकळल्या होत्या. पुढची बाई काही केल्या हलेना. मुलासाठी सायकलवर न्यायची बॅग हवी होती तिला, आणि मापाला तिने रांगेतलाच एक अनोळखी वायरमन धरला होता.

"वाक बाळा, सायकल चालवतोस तसा. पट्टा रुततो का? भिडेखातर बोलू नकोस हं."

"नाही काकू. पण पाठीला घाम येईल. जाळीवाली बघा."

"ही घे जाळीवाली."

"अगं बाई, बॅग घेतेयस की जावई बघतेयस?" आजी करवादल्या.

"झालंच हो आजी. मुलगा माझा रोज तासभर सायकल मारत कामावर जातो. पाठ भरून येते म्हणतो."

"मग त्यालाच आणायचं की, काकू!"

"लांब असतो रे. फोनवर नुसतं तोंड दिसतं, पाठ कुठे दिसते?"

"मग माझ्यावरून कसं कळणार?"

"स्टेशनात पाठमोरा जाताना बघितला होता. असाच होता, तुझ्याएवढा. चार वर्षं झाली."

"ताई, बांधू का हीच?" दुकानदाराने विचारलं.

"बांधा. नाही, थांबा. बाळा, एवढ्यात काढू नकोस. जरा तसाच उभा राहा, तिकडे तोंड करून."

"अहो, चला की पुढे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझी काय गाडी सुटतेय का रे? गप उभा राहा," आजी मागे वळून म्हणाल्या.