पुढचं चाक

नाही नाही, डिस्क ब्रेकची कशाला हो निलेशभाऊ, रिमवालीच सायकल दाखवा — चाकाच्या कडेला दोन्हीकडून रबरं चिमटतात ना, ती — ह्यांना तिचीच सवय आहे. केयूरचं आपलं पुण्याहून फोनवर सारखं एकच, आई, डिस्कचीच घे, चाकाच्या मधोमध बशीएवढी चकती असते बघ, ब्रेक तिला धरतो, बाबांना तीच लागेल. आता बाबांना कशाला लागेल? अठ्ठावन्नाचा माणूस, रविवारी पहाटे भिसेगावातून निघतो, चौकच्या रस्त्याने लोधिवली, तिथे एक चहा, की परत. घाट नाही, उतार नाही, त्याला चकती कशाला हवी?

येत्या एकतीसला निवृत्त होतायत — तुम्हालाही गणिताला तेच होते ना, मग माहीतच असेल. त्यांना नव्या सायकलचा पत्ता लागू द्यायचा नाहीये. म्हणून तर ते शाळेत गेल्यावर जुन्या सायकलचं पुढचं चाक काढलं, साडीत गुंडाळलं आणि रिक्षात घालून घेऊन आले — कासाराकडे जाताना मापाची बांगडी नेतो ना आपण, तसं. हसू नका. चाकाच्या मधली ती दांडी उलटी फिरवली की चाक निघतं, ह्यांना काढताना शंभरदा पाहिलंय. संध्याकाळच्या आत परत बसवते. घ्या, घ्या माप.

काय झालं? अंगठा काय फिरवताय कडेवरून?

घाट — जायचे म्हणा. पूर्वी जायचे. नेरळहून माथेरानचा घाट, दस्तुरीपर्यंत वर आणि तसंच सुसाट खाली. आता नाही. तीन वर्षं झाली. तिथल्या एका वळणावर पडले तेव्हाच बंद झालं ते — गळ्याखालचं हाड मोडलं होतं, पट्टी घातलीय आत, थंडीत अजून दुखते. दवाखान्यातून घरी आले त्या सोमवारी आम्ही दोघं महादेवाला गेलो, आणि त्यांनी बेलाचं पान हातात घेऊन शब्द दिला, घाट चढणार नाही, उतरणार नाही. मी मागितला नव्हता हो. आपणहून दिला. मग मलाही राहवेना, मी म्हटलं, देवा, ह्यांना सांभाळ, ह्यांचा शब्द सांभाळ, मी आंबा सोडला. हा तिसरा मोसम. घरी पेटी येते, रस मी काढते, सगळ्यांना वाढते, आणि हात धुते. त्रास नाही हो काही, सवय होते.

म्हणजे? खोल गेलंय म्हणजे? दाखवा — हो, हा खळगा ना, हा मला माहीत आहे. दसऱ्याला सायकलची पूजा मीच करते, चाकाला हळदकुंकू लावते, तेव्हा बोट बरोबर ह्यात बसतं. मला वाटायचं, घडवतानाच ठेवत असतील, रबर नीट बसायला — निरांजनाला नाही का वातीसाठी जागा असते. ती... ती झीज आहे? रबर घासून घासून धातू गेलाय?

पण पावसानं होत असेल. तुम्हीच मघाशी त्या गिऱ्हाइकाला सांगत होतात, पावसात रबराला रेती चिकटते आणि कड खाते म्हणून. सपाटीवरही पाऊस पडतोच की. फक्त — पावसात ते सायकल काढत नाहीत. जूनला पुसतात, तेल देतात, चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकतात, ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी खाली. मग जुनी असेल झीज. पूर्वीची, घाटात जायचे तेव्हाची. तसंच असणार, निलेशभाऊ, इतकी वर्षं जायचे ते, तेव्हाचीच —

हो. हे चाक तुम्हीच घातलंत. पडले तेव्हा जुनं वाकून गेलं होतं. म्हणजे हे नंतरचं. बेल उचलल्यानंतरचं.

नको, पाणी नको. हां, बसते जरा.

तुम्ही पाहिलंयत त्यांना? नाही, राहू द्या, तुम्हाला कशाला अडचणीत घालू. तुमचा चेहराच सांगतोय. दर रविवारी का? बरं. बरं. आणि केयूर म्हणतो बाबांना डिस्कच लागेल. त्याला पुण्यात बसून माहीत आहे, तुम्हाला इथे माहीत आहे, आणि ज्या घरातून सायकल निघते त्या घरात कुणाला माहीत नाही. डबा मी देते हो रविवारी. लाडू देते, दोन जास्त घालते, म्हणते लोधिवलीला कुणी भेटलं तर द्या.

एक विचारू? ह्या दिवसांत करवंदं कुठे मिळतात? पळसाच्या पानात बांधलेली. नाही, तुम्ही सांगाच — घाटात वळणावर वाडीतल्या बायका घेऊन बसतात, हो ना. हे मला आणून द्यायचे. चैत्र लागला की दर रविवारी. पद्मजा, तू आंबा खात नाहीस, निदान ही खा, लोधिवलीच्या नाक्यावर मिळाली. मला इतकं बरं वाटायचं — इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं लक्षात ठेवतो. मी आधी देवापुढे ठेवायची हो ती. त्याच महादेवापुढे. नैवेद्य दाखवायची आणि मग आम्ही दोघं खायचो. तेही खायचे. माझ्या हातून प्रसाद घ्यायचे, डोळ्यांना लावून घ्यायचे.

खोटं बोलले ह्याचंही एक वेळ काही नाही. पण तो देव काय म्हणत असेल — ही बाई आंबा सोडून बसलीय कशासाठी, आणि ताटात ठेवतेय काय. माझं हसं केलं त्यांनी देवासमोर, तीन वर्षं.

आणि मी तरी काय. तुम्हाला सांगते, कुणाला बोलले नाहीये — पहिल्या दसऱ्याला कड सपाट होती. दुसऱ्याला बोट जरासं बसलं. गेल्या दसऱ्याला चांगलंच रुतलं. बोटाला कळत होतं, निलेशभाऊ. मी तिथे कुंकू भरलं आणि झेंडूची माळ घातली.

असो. तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय. असं करा, चाक इथेच राहू द्या. नाही, नेत नाही मी. संध्याकाळी ते सायकल बघतील, पुढे नुसता सांगाडा, विचारतील. मी म्हणेन, निलेशकडे आहे. येतील. तेव्हा दोन्ही सायकली पुढ्यात ठेवा आणि फक्त एवढंच विचारा — सर, चालवणार कुठे? घाट म्हणाले तर डिस्कवाली द्या. सपाटी म्हणाले तर रिमवाली द्या, ह्या चाकाशेजारी उभी करून द्या.

नाही — थांबा. लिहू नका ते. सपाटी म्हणाले तरी डिस्कचीच द्या. त्या वळणावर धरायला हवं काहीतरी. ह्या असल्या कडेवर गेल्या रविवारी उतरलेत ते, आणि मी घरात पोथी वाचत होते.

काय उत्तर दिलं ते मात्र मला कळवा. की नको. नका कळवू.

आंबा? तो नाही हो खायची. तो त्यांच्यासाठी सोडलेला नाही — म्हणजे त्यांच्यासाठीच, पण शब्द मी दिलाय, आणि मी घाटात जात नाही. ती साडी तेवढी द्या. चाक तसंच उघडं राहू दे. येते.