तहहयात

‘तहहयात’ हा शब्द मी नुसता वाचला होता. हे गेल्यावर तो माझ्या वाट्याला आला. ह्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, चौलची वाडी पुतण्याला, पण तिथे राहायचा हक्क मला तहहयात.

पुतण्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, महिन्याभरात आले. “वहिनी, एकट्या कशाला राहताय? वाडी विकून टाकू, मुंबईला चला.”

मी माडाचं रोप लावत होते. ते बघून त्यांना हसू आलं. “आता माड? धरायला सात-आठ वर्षं जातील. तहहयात म्हणजे तुम्ही असेपर्यंतच हो!”

“ठाऊक आहे, भाऊजी. लवकर धरणारी बुटकी जातही मिळत होती. मी मुद्दाम ही उशिरा धरणारी आणली. खड्ड्यात घालायला तेवढं मीठ द्या इकडे.”